लागू पडलेले औषध निष्प्रभ का होते?

फुफ्फुसाच्या कर्करोगावर गेल्या दोन दशकांत नेमका मारा करणारी औषधे आली आणि त्यांच्या पाठोपाठ शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कामाला लावणारे उपचारही आले. ही औषधे अनेकदा थक्क करणारा गुण देतात. परंतु बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांनी वा वर्षांनी त्यांचा प्रभाव ओसरतो. असे का घडते आणि घडल्यावर काय करायचे असते, याचा हा मागोवा.

मुंबई-पुण्याच्या कर्करोगतज्ज्ञांकडे वरचेवर दिसणारा प्रसंग आहे. पन्नाशी उलटलेली, जन्मात विडी-सिगारेटला न शिवलेली एखादी गृहिणी. खोकला हटत नाही म्हणून आधी प्रतिजैविके झाली, मग क्ष-किरण चित्रातला डाग पाहून क्षयाची औषधे सुरू झाली. दोन-तीन महिने त्यात गेले. वजन उतरले, धाप लागू लागली. अखेर फुफ्फुसातला तुकडा काढून तपासला तेव्हा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. घरच्यांनी आशा सोडली असतानाच जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला आणि डॉक्टरांनी केमोथेरपीऐवजी रोज एक गोळी घ्यायला सांगितली. दोन-तीन आठवड्यांत खोकला थांबला. पुढच्या महिन्यात बाई पुन्हा स्वयंपाकघरात उभ्या राहू लागल्या. स्कॅनमधला डाग जवळजवळ दिसेनासा झाला. वर्षभर सारे सुरळीत चालले आणि मग एका नेहमीच्या स्कॅनमध्ये तो डाग पुन्हा दिसला.

हा कोणा एका रुग्णाचा वृत्तांत नव्हे. असे अनेक आहेत. त्या दिवशी नातेवाइकांचे प्रश्नही ठरलेलेच असतात. गोळी बनावट तर नव्हती? मध्ये गावच्या लग्नाला गेलो तेव्हा दोन दिवस चुकली, त्यामुळे झाले का? खाण्यापिण्याचे पथ्य मोडले का? या प्रश्नांत स्वतःला दोष देण्याची तयारी असते, आणि ती बहुतेक वेळा अनाठायी असते. औषध निष्प्रभ होण्याचे खरे कारण पुष्कळदा त्या गाठीतच, पहिली गोळी घेण्याच्या आधीपासून दडलेले असते.

ते समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जगात कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. २०२२ साली त्याचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख मृत्यू झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पसरलेल्या फुफ्फुस-कर्करोगावर केमोथेरपी हाच काय तो उपाय होता. अमेरिकेत केमोथेरपीच्या चार वेगवेगळ्या जोड्यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. अकराशेहून अधिक रुग्णांवरील या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की चौघींतली एकही जोडी दुसरीपेक्षा सरस नाही. रुग्ण सरासरी आठ महिने जगतो. केमोथेरपीची धाव कुठवर आहे, हे त्यातून स्पष्ट झाले होते.

त्याच सुमारास गेफिटिनिब ही गोळी आली. जपानने तिला २००२ मध्ये आणि अमेरिकेने २००३ मध्ये मान्यता दिली. तिचा अनुभव बुचकळ्यात टाकणारा होता. दहातल्या जेमतेम एकाला ती लागू पडे. पण ज्याला लागू पडे तो अंथरुणावरून उठून कामाला लागे. असे का, हे कोणालाच सांगता येत नव्हते. एवढे मात्र ध्यानात आले होते, की गुण येणाऱ्यांत स्त्रिया, धूम्रपान न करणारे आणि आशियाई वंशाचे रुग्ण अधिक आहेत. २००४ मध्ये अमेरिकेतील तीन संशोधक गटांनी थोड्याफार अंतराने त्याचे उत्तर शोधून काढले. गुण आलेल्या रुग्णांच्या गाठीत 'ईजीएफआर' नावाच्या जनुकात विशिष्ट बिघाड होता आणि गुण न आलेल्यांत तो नव्हता. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या शेवटी सरसकट सर्व रुग्णांना गेफिटिनिब देऊन केलेला एक मोठा अभ्यास अपयशी ठरला आणि अमेरिकेत या गोळीवर निर्बंध आले. औषध चांगले होते. ते द्यायचे कोणाला, एवढेच चुकले होते. पूर्व आशियातील रुग्णांवरील 'आयपास' या अभ्यासाने २००९ मध्ये याचा निर्णायक निवाडा केला. बिघाड असलेल्यांना गोळी केमोथेरपीपेक्षा सरस ठरली, तर बिघाड नसलेल्यांना केमोथेरपीच अधिक उपयोगी पडली. या दुसऱ्या गटाला नुसती गोळी देणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होते.

ईजीएफआर हे पेशीच्या आवरणात बसवलेले प्रथिन आहे. दारावरच्या विजेच्या घंटेसारखे त्याचे काम चालते. बाहेरून वाढीचा संदेश देणारा रेणू येऊन बटण दाबतो आणि आत घंटा वाजते. पेशी विभाजनाच्या तयारीला लागते. बटण सोडले की घंटा थांबते. जनुकात बिघाड झाला, की बटण आत अडकून बसते. बाहेर कोणी नसताना घंटा अखंड वाजत राहते आणि पेशी थांबायचे नाव घेत नाही. ही घंटा चालते ती 'एटीपी' या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर. प्रथिनात एटीपी बसण्यासाठी एक खाच असते. गेफिटिनिब आणि तिच्या जातकुळीतली एर्लोटिनिब या गोळ्या नेमक्या त्या खाचेत जाऊन बसतात आणि घंटेची वीजच तोडतात. गाठीचा सारा डोलारा त्या एका घंटेवर उभा असल्याने ती बंद पडताच पेशी मोठ्या संख्येने मरतात. केमोथेरपी वाढणाऱ्या सर्वच पेशींना झोडपते, ही गोळी मुख्यतः बिघडलेल्या पेशींना. म्हणून तिला 'लक्ष्यवेधी' म्हणायचे. अर्थात तिचा त्रास होतच नाही असे नाही. अंगावर पुरळ उठते, जुलाब होतात, कारण त्वचेत आणि आतड्यांतही हेच प्रथिन असते.

युरोपीय वंशाच्या रुग्णांत हा बिघाड ढोबळमानाने दहा-पंधरा टक्क्यांत आढळतो, पूर्व आशियात चाळीस ते पन्नास टक्क्यांत. भारत या दोहोंच्या मध्ये आहे. आपल्याकडील अभ्यासांत 'अॅडेनोकार्सिनोमा' या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारणतः पाव ते एक तृतीयांश जणांत तो दिसतो. याखेरीज 'एएलके' या जनुकाचा बिघाड आहे. जपानच्या हिरोयुकी मानो यांच्या गटाने तो २००७ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगात शोधला आणि अवघ्या चार वर्षांत, २०११ मध्ये, त्यावरील क्रायझोटिनिबला मान्यता मिळाली. औषधांच्या जगात हा वेग विरळाच. असे रुग्ण शंभरात चार-पाचच. पण त्यांच्यासाठी चित्र पार पालटले आहे. त्यांच्यासाठीच्या लॉर्लाटिनिब या नव्या गोळीच्या अभ्यासात पाच वर्षांनंतरही ६० टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकलेला नव्हता. जुन्या क्रायझोटिनिबवर हेच प्रमाण आठ टक्के होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ईजीएफआरच्या पहिल्या पिढीतील गोळ्यांचा गुण साधारणतः दहा महिने ते वर्षभर टिकतो. मग काय होते? औषधाची शरीराला 'सवय' होते, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु सवय हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे.

या प्रश्नाचा पहिला उलगडा कर्करोगात नव्हे, तर जिवाणूंत झाला. जिवाणूंवर विषाणू सोडले, की बहुतेक जिवाणू मरतात आणि थोडे टिकतात. हे टिकणारे विषाणूच्या संपर्कामुळे बदलतात की आधीपासूनच वेगळे असतात, हा वाद होता. साल्वादोर लुरिया हे इटलीतून अमेरिकेत आलेले शास्त्रज्ञ. एका समारंभात नाणे टाकून खेळायच्या जुगारी यंत्राशी झटणाऱ्या सहकाऱ्याला पाहून त्यांना प्रयोगाची युक्ती सुचली. जिवाणू अनेक वेगवेगळ्या नळ्यांत वाढवायचे आणि मग प्रत्येक नळीतील जिवाणूंवर विषाणू सोडायचे. संपर्कामुळे बदल होत असेल तर प्रत्येक नळीत टिकणाऱ्यांची संख्या साधारण सारखी येईल. बदल आधीच, योगायोगाने होत असेल तर बहुतेक नळ्यांत शून्य किंवा दोन-चार आणि एखादीत एकदम घबाड, अगदी त्या यंत्रासारखे. निकाल घबाडाच्या बाजूने लागला. लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली तो प्रसिद्ध केला आणि पुढे १९६९ च्या नोबेल पारितोषिकात दोघेही वाटेकरी झाले.

कर्करोगाची गाठ ही अशीच एक मोठी वसाहत आहे. एक सेंटिमीटरच्या गाठीत कोट्यवधी पेशी असतात. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल होताना चुका होतात. एवढ्या गर्दीत गोळीला दाद न देणाऱ्या काही पेशी आधीच असण्याची शक्यता बरीच असते. गोळी येईपर्यंत त्यांना काहीच महत्त्व नसते. उलट त्या इतरांपेक्षा मंद गतीने वाढत असतात. गोळी शेजारच्या पेशी मारून टाकते आणि यांना मैदान मोकळे मिळते. विदर्भातल्या कापसाच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. २००२ साली बीटी कापूस आला, बोंडअळी मेली, उत्पन्न वाढले. बीटीला न जुमानणाऱ्या मोजक्या गुलाबी अळ्या शिल्लक राहिल्या आणि त्यांचीच पिढी वाढत गेली. दुसऱ्या जनुकाची जोड दिलेले वाण २००६ मध्ये आले, तेही पुरले नाही आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात या अळीने कहर केला. अळी काही शिकली नव्हती. तिच्यातली निवड आपणच केली होती.

गेफिटिनिब आणि एर्लोटिनिबच्या बाबतीत या निवडीचा नेमका ठसा २००५ मध्ये सापडला. आजार उलटलेल्या रुग्णांच्या गाठीत ईजीएफआर प्रथिनाच्या ७९० व्या जागेवर थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन हे अमिनो आम्ल आलेले होते. याला 'टी ७९० एम' म्हणतात. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत हेच कारण असते. या एका बदलामुळे खाचेत एटीपी अधिक घट्ट बसू लागते आणि गोळीला जागा मिळत नाही. यावर उपाय म्हणून ऑसिमर्टिनिब तयार झाले. ते खाचेत केवळ बसत नाही, तर ७९७ व्या जागेवरील सिस्टिनशी रासायनिक बंध जुळवून स्वतःला तेथे जखडून घेते. त्यामुळे एटीपीशी स्पर्धेचा प्रश्नच उरत नाही. २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पुढे 'फ्लॉरा' या अभ्यासात ते अगदी आरंभीच देऊन पाहण्यात आले. आजार आटोक्यात राहण्याचा काळ जुन्या गोळ्यांवर १०.२ महिने होता, तो ऑसिमर्टिनिबवर १८.९ महिने झाला. मेंदूत पोहोचण्यातही ही गोळी सरस आहे. ही मोठीच गोष्ट आहे. मेंदू हे या कर्करोगाचे आवडते लपण्याचे ठिकाण आहे आणि जुन्या गोळ्या तेथे पुरेशा जात नसत.

आणि मग? मग अपेक्षेप्रमाणे ७९७ व्या जागेवरचे सिस्टिनच बदललेल्या पेशी पुढे आल्या. जखडायला खुंटीच राहिली नाही. पण आता ही एकच वाट नाही. काही गाठींत ईजीएफआरची घंटा बंदच असते. 'मेट' नावाची शेजारची दुसरी घंटा तिचे काम करू लागते. शंभरातल्या काही रुग्णांत तर गाठीचा प्रकारच पालटतो. मूळचा अॅडेनोकार्सिनोमा 'स्मॉल सेल' या अधिक आक्रमक कर्करोगाचे रूप घेतो, आणि त्यावर वेगळीच केमोथेरपी द्यावी लागते. अनेक रुग्णांत कारण सापडतच नाही. शिवाय आणखी एक जात असते. या पेशींच्या जनुकांत नवा बिघाड नसतो. औषध आले की त्या जवळजवळ निद्रिस्त होतात आणि तग धरून राहतात. यांच्यातूनच पुढे खऱ्या प्रतिरोधक पेशी निपजतात, असे संशोधन सांगते.

म्हणूनच आजार उलटल्यावर 'आता पुढची गोळी कोणती' हा पहिला प्रश्न नसतो. 'गाठीत आता काय बदलले आहे' हा असतो. त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागतो. येथे आपल्याकडचे नातेवाईक हटकून बिचकतात. 'सुई लावली की कर्करोग पसरतो' ही समजूत अजून मुरलेली आहे. प्रत्यक्षात सुईमुळे गाठ पसरण्याचा प्रकार अत्यंत दुर्मिळ. त्या भीतीपोटी आंधळेपणाने औषध निवडण्याचा तोटा मात्र मोठा. २०१६ पासून रक्तातून गाठीचे डीएनए शोधणारी चाचणीही उपलब्ध झाली आहे. तिला 'लिक्विड बायोप्सी' म्हणतात. तिची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. रक्तात बिघाड सापडला तर तो विश्वासार्ह. न सापडला तर तो नाहीच, असे म्हणता येत नाही. आणि गाठीने प्रकार बदलला आहे का, हे तर सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा पाहूनच कळते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी, कारण ती आपल्या देशात विशेष महत्त्वाची आहे. गोळी लागू न पडण्यामागे दर वेळी जनुकच असते असे नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृतातील औषध मोडणाऱ्या विकरांना इतके चाळवते, की गेफिटिनिबचे रक्तातील प्रमाण एक पंचमांशाहूनही खाली येऊ शकते. ऑसिमर्टिनिबलाही मोठा फटका बसतो. क्षय आणि फुफ्फुसाचा कर्करोग एकाच रुग्णात असणे, किंवा कर्करोगाचे निदान होण्याआधी सुरू झालेली क्षयाची औषधे तशीच चालू राहणे, हे आपल्याकडे नवलाचे नाही. तसेच 'गॅसची गोळी'. पित्तासाठी रोज सकाळी घेतलेली पॅन्टोप्रॅझोलसारखी औषधे पोटातील आम्ल घटवतात आणि त्यामुळे गेफिटिनिब, एर्लोटिनिब नीट शोषल्या जात नाहीत. ही गोळी कोणी औषध मानत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाही. डॉक्टरांसमोर जाताना घरातील सर्व गोळ्या, काढे आणि भस्मे पिशवीत घालून नेणे हा साधा उपाय आहे. त्याला एक पैसाही पडत नाही.

प्रतिरोधक पेशी आधीपासूनच असतात, हे एकदा मान्य केले की उपचाराची आखणी बदलते. एकामागून एक औषध देत गेलो तर प्रत्येक वेळी आपण एकेक निवड करत जातो. क्षयाच्या बाबतीत हा धडा १९४० च्या दशकातच मिळाला होता. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रुग्ण सुधारत आणि काही महिन्यांत जिवाणू त्याला दाद देईनासे होत. दुसरे औषध जोडल्यावर हे पुष्कळ टळले. एका औषधाला चकवणारी पेशी लाखांत एक असेल, तर दोन भिन्न औषधांना एकाच वेळी चकवणारी त्याहून कितीतरी दुर्मिळ असणार, हा त्यामागचा हिशेब. कर्करोगात तो लागू करून पाहणाऱ्यांत मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आघाडीवर होते. तेथील वनिता नरोन्हा, कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांत नुसते गेफिटिनिब आणि गेफिटिनिबसह केमोथेरपी यांची तुलना केली. २०१९-२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजार आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला आणि रुग्णांचे आयुष्यही वाढले. गोळी स्वस्त, केमोथेरपीची औषधे जुनी. परवडेल असा उपचार. किंमत मोजावी लागली ती त्रासाच्या रूपाने. गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण एका गटात २५ टक्के, तर दुसऱ्यात ५१ टक्के होते.

हाच विचार पुढे ऑसिमर्टिनिबच्या बाबतीत पडताळण्यात आला. 'फ्लॉरा-२' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात केमोथेरपी जोडल्यावर सरासरी आयुर्मान सुमारे साडेसदतीस महिन्यांवरून साडेसत्तेचाळीस महिन्यांवर गेल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. दुसऱ्या एका जोडीत अमिव्हान्टामॅब हे ईजीएफआर आणि मेट या दोन्ही घंटांना एकदम धरणारे प्रतिपिंड असते. तिला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. तरीही प्रत्येकाला आरंभीच दोन औषधे द्यावीत का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. मेंदूत पसरलेला, वेगाने वाढणारा आजार असेल आणि रुग्ण धडधाकट असेल तर जोडी देण्याकडे कल असतो. ऐंशीच्या घरातील, एकट्या राहणाऱ्या आजोबांना वारंवार सलाईनच्या खुर्चीत बसवायचे की रोजच्या एका गोळीवर घरी राहू द्यायचे, याचे उत्तर आलेखात सापडत नाही. ते त्यांनाच विचारावे लागते.

आता दुसरी वाट. आपल्या रक्तातील टी पेशी अनोळखी पेशी ओळखून मारतात. त्यांनी स्वतःच्याच शरीरावर हल्ला करू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेले असतात. त्यातील 'पीडी-१' हा ब्रेक क्योतो विद्यापीठातील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये शोधला. 'सीटीएलए-४' हा दुसरा ब्रेक अडवला तर प्रतिकारशक्ती गाठीवर तुटून पडते, हे अमेरिकेतील जेम्स अॅलिसन यांनी उंदरांवर दाखवले. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर 'पीडी-एल१' हे प्रथिन मिरवतात आणि टी पेशीचा ब्रेक दाबून धरतात. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे तो हात झटकून टाकतात. ती गाठीला थेट काहीच करत नाहीत. मारण्याचे काम टी पेशींचे.

ज्यांच्या गाठीत पीडी-एल१ पन्नास टक्क्यांहून अधिक पेशींवर आहे आणि ईजीएफआर वा एएलकेचा बिघाड नाही, अशा पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांत पेम्ब्रोलिझुमॅब आणि केमोथेरपी यांची तुलना करणाऱ्या अभ्यासात पाच वर्षांनी अनुक्रमे ३२ आणि १६ टक्के रुग्ण हयात होते. आठ महिन्यांच्या जुन्या सरासरीशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. पण त्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. निवडून घेतलेल्या, सर्वाधिक अनुकूल रुग्णांतही तिघांपैकी दोघे पाच वर्षे गाठू शकले नाहीत. काहींना औषध पहिल्यापासूनच लागू पडत नाही, काहींना आधी गुण येतो आणि नंतर आजार उलटतो.

कारण येथेही निवड चालूच असते, फक्त निवडणारी टी पेशी असते. टी पेशीला कर्करोगाची पेशी ओळखू येते ती तिच्या पृष्ठभागावर मांडलेल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून. हे तुकडे मांडण्याची चौकटच जिने टाकून दिली, ती पेशी टी पेशीला दिसतच नाही. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगात २०१६ मध्ये हे प्रथम स्पष्टपणे दाखवण्यात आले. फुफ्फुसातही अशा गाठी सापडल्या आहेत. काही गाठींभोवती टी पेशी फिरकतच नाहीत. ब्रेक काढला तरी गाडीच नसेल तर काय चालणार? 'एसटीके-११' या जनुकाचा बिघाड असलेल्या गाठी बहुधा या प्रकारच्या असतात. सिगारेटच्या धुराने जनुकांची अक्षरशः चाळण झालेली असते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या गाठीत टी पेशींना अनोळखी वाटणारे तुकडे भरपूर असतात आणि इम्युनोथेरपी तेथे अधिक चालते. ईजीएफआरचा बिघाड असलेल्या गाठींत उलट स्थिती असते आणि तेथे ही औषधे एकटी सहसा निरुपयोगी ठरतात.

आरंभीच्या प्रसंगातील बाईंच्या दृष्टीने धोक्याची जागा हीच आहे. जनुकांचा अहवाल यायला दोन-तीन आठवडे लागतात. पीडी-एल१ चा अहवाल मात्र लवकर येतो आणि तो चांगला असला तर 'थांबायचे कशाला' अशी घाई घरचे करतात, क्वचित डॉक्टरही. इम्युनोथेरपीची एक-दोन सलाईने दिली जातात आणि मग ईजीएफआरचा बिघाड असल्याचे कळते. आता ऑसिमर्टिनिब सुरू करावे तर फुफ्फुसाला तीव्र सूज येण्याचा धोका वाढलेला असतो, कारण टी पेशींचा सुटलेला ब्रेक सलाईन थांबवल्यावरही कित्येक आठवडे सुटलेलाच राहतो. अमेरिकेतील एका अभ्यासात या क्रमाने औषधे घेतलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत गंभीर दुष्परिणाम आढळले. उलट क्रमाने घेतलेल्यांत ते दिसले नाहीत. अहवालापूर्वी उपचार सुरू करणे भागच असेल तर नुसत्या केमोथेरपीचे पहिले आवर्तन देऊन वेळ काढता येतो. त्या दोन आठवड्यांचा धीर पुढच्या दोन वर्षांवर परिणाम करतो.

राहता राहिला खर्च. गेफिटिनिबची भारतीय बनावटीची गोळी मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आहे. ऑसिमर्टिनिब आणि इम्युनोथेरपीचे तसे नाही. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन कर्करोग औषधांवरील सीमाशुल्क माफ करण्यात आले, त्यात ऑसिमर्टिनिब आणि दुर्व्हालुमॅब ही दोन फुफ्फुस-कर्करोगात वापरली जाणारी औषधे होती. दिलासा मिळाला, पण मूळ किंमत एवढी की शुल्कमाफीने अनेक कुटुंबांचा हिशेब जुळत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाने येथेही वेगळा प्रश्न विचारला: इम्युनोथेरपीची मात्रा एवढी मोठी लागते तरी का? तोंड, घसा व मानेच्या पसरलेल्या कर्करोगात त्यांनी निव्होलुमॅब अवघे २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, स्वस्त गोळ्यांच्या जोडीने दिले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा नव्हता आणि त्याची तुलना पूर्ण मात्रेशीही नव्हती. त्यामुळे तो जसाच्या तसा इकडे उचलून लावता येणार नाही. परंतु औषध टी पेशींवरील पीडी-१ ला जाऊन चिकटायला फार थोडी मात्रा पुरते, हे औषधाच्या आरंभीच्या चाचण्यांतही दिसले होते. फुफ्फुसाच्या रुग्णांत पूर्ण आणि अल्प मात्रेची समोरासमोर तुलना करण्यात औषधकंपन्यांना रस असण्याचे कारण नाही. ती सार्वजनिक रुग्णालयांनाच करावी लागेल.